निरीक्षणगृहात शिकवायचं आहे. मूल किती दिवस हाती आहे तेच माहीत नसताना आखणी कशी करावी?

पाटीपेन्सिल

नमस्कार. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात तिथे) आमच्या संस्थेला शिकवायची परवानगी मिळाली आहे. सोमवार ते गुरुवार, सकाळी दीड तास. मुलं १३ ते १७ वयाची, एका वेळी १२ ते २०. कुणी नववीपर्यंत गेलेला, कुणी तिसरीतच शाळा सोडलेला. आज वर्गात बसलेला मुलगा पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही, कारण मध्येच जामीन होतो. हाताशी एक खोली, एक फळा, थोडी पाठ्यपुस्तकं आणि एक काळजीवाहक एवढंच आहे.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून तीन गोष्टी हव्यात. पहिल्या काही दिवसांत नेमकं काय करावं? दहावीच्या वाटेला लावायचं तर कुठल्या? आणि आपल्या हातून काय होता कामा नये? सर्वसाधारण 'प्रेमाने वागा' या पलीकडचं सांगा, ही विनंती.

---

खडूफळा

आखणी महिन्याची नको, तासाची करा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम १२ प्रमाणे जामीन देणं हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद. त्यामुळे कुणी चौथ्या दिवशी घरी जातो, आणि ज्याला न्यायला कुणी येत नाही तो महिनोन् महिने राहतो. चौकशीसाठी कलम १४ ने पहिल्या हजेरीपासून चार महिने दिले आहेत, बाल न्याय मंडळ (या मुलांची प्रकरणं चालवणारं) कारण नोंदवून आणखी दोन वाढवू शकतं. म्हणजे तुमच्या वर्गात एकाच बाकावर तीन दिवसांचा आणि पाच महिन्यांचा विद्यार्थी बसणार. प्रत्येक तास त्या दिवशीच पुरा झाला पाहिजे. 'उरलेलं उद्या' म्हणून सोडलेला धडा निम्म्या वर्गासाठी कायमचा उरतो.

आल्या दिवशी मुलाची कुठलीही परीक्षा घेऊ नका. पोलीस ठाणं, मंडळ, वैद्यकीय तपासणी करून तो आलेला असतो, झोप झालेली नसते. त्यात तंबाखू-गुटख्याची सवय असेल तर पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट: डोकं दुखतं, चिडचिड होते, एका जागी बसवत नाही. हा बेशिस्तपणा नाही. दारू पिणाऱ्या मुलाचे हात थरथरत असतील, घाम सुटत असेल, आकडी आली असेल तर तो शिक्षकाचा विषयच नाही. त्याच क्षणी अधीक्षकांना सांगून दवाखान्यात न्यायला लावा. सोल्युशन (पंक्चर चिकटवायचा द्रव) किंवा व्हाइटनर नशेसाठी हुंगणाऱ्या मुलाचं लक्ष आणि लक्षात ठेवणं दोन्ही काही काळ कमी पडतं. त्याला पाच-सात मिनिटांचे तुकडे द्या, मध्ये उठू द्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाचन आणि गणिताची पातळी पाहा. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत वापरतात तीच पद्धत पुरते: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट, आणि अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला दहा मिनिटं लागतात. हे एकेकट्याला बाजूला बसवून करायचं. चारचौघांत वाचायला लावलेला सोळा वर्षांचा मुलगा अडला की एकतर टवाळी करतो, नाहीतर उठून जातो, आणि पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही. पातळी पाहण्याआधी सहा मीटरवर दृष्टीचा तक्ता टांगून डोळे तपासून घ्या. 'वाचता येत नाही' असा शिक्का बसलेल्या मुलाला कधी कधी फळाच दिसत नसतो.

गट पातळीप्रमाणे करा, वयाप्रमाणे किंवा इयत्तेप्रमाणे नको. एका गटात सहा ते आठ. नववीत गेलेला मुलगा शब्दांवर अडकलेला असू शकतो, तेव्हा त्याने सांगितलेल्या इयत्तेवर जाऊ नका. या वयाच्या मुलाला पहिलीचं पुस्तक देणं हा त्याला अपमान वाटतो. एसटीचं वेळापत्रक, क्रिकेटचा धावफलक, औषधाच्या पाकिटावरची माहिती, नोकरीच्या छोट्या जाहिराती, रेशनकार्ड हे साहित्य चालतं. मराठी वाचनात बहुतेक जण दोन ठिकाणी अडतात: ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकारांचा गोंधळ आणि जोडाक्षरं. रोज पाचच जोडाक्षरं, ती असलेले दहा शब्द, आणि ते शब्द येतील अशा चार ओळी. घरची भाषा गोरमाटी, पारधी, भिलोरी किंवा उर्दू असेल तर अर्थ आधी त्या भाषेत विचारा, शब्द मग लिहा.

गणितात उलटं दिसतं. भाजीच्या गाडीवर किंवा भंगारात काम केलेला मुलगा पाचशेतून एकशे सदतीस तोंडी झटक्यात वजा करतो, कागदावर मात्र हातचा विसरतो. तोंडी हिशेब त्याच्याकडून बोलून घ्या आणि तो जे बोलला तेच फळ्यावर मांडून दाखवा. 'तुला गणित येतंय, फक्त लिहिण्याची पद्धत शिकायची आहे' हे त्याला खरंच ऐकायची गरज असते, आणि ते खरंही असतं.

आता काय होऊ नये. 'कुठल्या केसमध्ये आलास?' हा प्रश्न कधीही नाही. मुलगा आपण होऊन सांगू लागला तर 'हे वकिलांशी बोल' म्हणा. तुम्हाला ते ऐकून त्याचा फायदा शून्य. दुसरं, 'तू सांगशील ते गुपित ठेवीन' असं वचन देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. हे मुलाला आधीच साध्या शब्दांत सांगून ठेवलं, तर नंतर विश्वासघात झाला असं त्याला वाटत नाही.

सामानाबद्दल: व्हाइटनर, थिनर, रबर सोल्युशन, उग्र वासाचे मार्कर खोलीत येताच कामा नयेत. देणगीत आलेले स्टेशनरीचे डबेही उघडून पाहा, त्यात व्हाइटनर असतोच. चिकटवायला पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद वापरा. कंपासमधलं कर्कटक, शार्पनरचं पातं, कात्री हे मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं, आणि मोजणी मुलांसमोरच करायची. एखादी वस्तू कमी भरली तर झडतीची वेळ येते, आणि झडती झाली की त्या आठवड्याचा वर्ग गेला.

---

परिविक्षा

खडूफळा यांनी वर्गाचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. मुलाच्या पुढच्या आयुष्यात तुमच्या धड्याइतकंच वजन या कागदांना असतं.

मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. तुमची पातळी-चाचणी पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत झाली, तर तिची एक पानी नोंद त्या अहवालाला जोडता येते. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली मंडळ इतर आदेशांबरोबर शाळेत जाण्याचा, व्यवसाय प्रशिक्षणाचा किंवा व्यसनमुक्ती उपचारांचा आदेशही देऊ शकतं, पण तसं सुचवणारं कुणीतरी लागतं. त्या पानावर 'गुणी मुलगा आहे, संधी द्यावी' असलं लिहू नका, त्याने काही होत नाही. लिहा: आठ तासांपैकी किती तास हजर, वाचन कुठल्या पातळीवर, सलग किती मिनिटं काम करतो, शेवटची शाळा आणि इयत्ता, स्वतः काय शिकायचं म्हणतो. गुन्ह्याबद्दल एक शब्द नको.

शाळा सोडल्याचा दाखला मिळवणं हे पहिल्या आठवड्यातलं काम. मुलगा आत असताना पालक भेटीला येतात तेव्हाच अर्ज करून घ्या. सुटल्यावर कुणी शाळेच्या पायऱ्या चढत नाही. मुलगा १४ च्या आतला असेल तर शिक्षण हक्क कायद्याने दाखला उशिरा आला या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं आणि वय १४ उलटलं तरी आठवी पूर्ण होईतो शिक्षण मोफत. हे मुख्याध्यापकांना तोंडी सांगू नका, त्या कायद्याच्या कलम ४, ५ आणि १४ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

जन्मतारखेबाबत फार जपा. आपल्याकडे असंख्य मुलांची तारीख मास्तरांनी १ जून लावलेली असते, आधारवर तिसरीच असते. वय ठरवताना बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी असा क्रम आहे. म्हणून प्रकरण चालू असताना 'जरा आधार दुरुस्त करून घेऊ' असा उत्साह वकील आणि परिविक्षा अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय दाखवू नका. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीही वयात फेरफार केल्यासारखी दिसते.

मुलाची ओळख उघड करण्याला त्याच कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर्तमानपत्राइतकाच संस्थेच्या वार्षिक अहवालालाही हा नियम आहे. मुलांचे फोटो, पाठमोरेसुद्धा, टाळा. व्हॉट्सॲपवर चित्रं टाकताना खालची सही झाका. आणि दाखला, वही, प्रशस्तिपत्र, परीक्षेचा अर्ज यांतल्या कशावरही निरीक्षणगृहाचं नाव किंवा पत्ता येऊ देऊ नका. घरचा पत्ता घाला. ते प्रशस्तिपत्र मुलगा पुढे दहा ठिकाणी दाखवणार आहे.

---

वर्कशॉप

दहावीबद्दल. तीन वाटा आहेत आणि चुकीची निवडली की दोन वर्षं जातात.

आठवीही झालेली नसेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी किंवा आठवी स्तराची परीक्षा. शाळाबाह्य मुलांसाठीच ती आहे.

राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी: अभ्यासक्रम नेहमीच्या शाळेचा, संपर्क केंद्र म्हणून एक शाळा, परीक्षा बाकीच्या मुलांबरोबर. अर्ज परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो, दिवाळीनंतर जाग आली तर बहुधा वर्ष गेलं. ज्याची नववी झाली आहे, घर स्थिर आहे, मुख्य म्हणजे ज्याला नियमित बसवणारं कुणी आहे, त्याच्यासाठी ही वाट बरी.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस: १४ वर्षं पूर्ण हवीत, विषय पाच, त्यातली एक भाषा तरी सक्तीची, मराठी माध्यम आहे. नोंदणी पाच वर्षं टिकते, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि एका वेळी एक-दोन विषयही देता येतात. पास झालेला विषय जमा राहतो. आत-बाहेर होणाऱ्या मुलासाठी हे फार मोलाचं आहे; पहिल्या खेपेला मराठी आणि आणखी एक सोपा वाटणारा विषय, एवढंच ठेवा. राज्य मंडळात नापास झालेल्या मुलाचे पास असलेले दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे वळवूनही घेता येतात, जुनं गुणपत्रक फेकू देऊ नका. गृहपाठाला २० टक्के भार असतो. मुलगा सुटला की हे गृहपाठ कोण जमा करणार, ते नोंदणीच्या दिवशीच नाव घालून ठरवा. बहुतेक नोंदण्या इथेच वाया जातात.

आणि मोठी फसगत: एनआयओएसला गणित सक्तीचं नाही. सोपं म्हणून गणित-विज्ञान वगळून पाच विषय काढून दिले जातात आणि नंतर मुलगा म्हणतो, मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. आयटीआयला इलेक्ट्रिशियन, फिटर अशा ट्रेडना दहावीला गणित-विज्ञान लागतं. म्हणून आधी ट्रेड विचारा, मग विषय भरा. दहावी न झालेल्यांना चालणारे ट्रेडही आहेत, वेल्डर, प्लंबर, वायरमन यांच्या अटी त्या वर्षीच्या प्रवेश माहितीपुस्तिकेत पाहून घ्या.

एका मुद्द्यावर मात्र माझं वेगळं मत आहे. खडूफळांनी वाचनापासून सुरुवात केली. सोळा-सतरा वयाच्या मुलांशी मी मेजर टेपपासून करायला सांगेन. आठ बाय चारच्या प्लायवूडमधून दीड फूट बाय दोन फुटांचे किती तुकडे निघतील? क्षेत्रफळाने भागलं तर दहाच्या वर येतात, प्रत्यक्ष कापताना दहाच निघतात आणि एक पट्टी उरते. यावर मुलं अर्धा तास भांडतात, कागद कापून बघतात. क्षेत्रफळ, भागाकार आणि वाया जाणारा माल, तिन्ही त्यात येतं. हाताला काम दिसल्याशिवाय या वयाचा मुलगा पुस्तकाकडे येत नाही.

---

खडूफळा

@वर्कशॉप, मोठ्या मुलांबाबत मान्य. फक्त तिथेही मापं, मालाची यादी आणि कोटेशन त्याच्याकडून लिहूनच घ्या. आयटीआयची परीक्षाही शेवटी वाचूनच द्यायची असते.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार, छापून घेतलं आहे. आणखी तीन प्रश्न. परीक्षा आणि बाल न्याय मंडळाची तारीख एकाच दिवशी आली तर? आणि सुटल्यानंतर मुलाशी संपर्क कसा ठेवावा? एक मुलगा दोन महिन्यांत अठरा पूर्ण करतो आहे, त्याचं काय होईल?

---

परिविक्षा

हॉल तिकीट हाती आलं की त्याच दिवशी मंडळाकडे अर्ज द्या: तारीख बदलून मिळावी, मुलगा आत असेल तर केंद्रावर नेण्याचा आदेश व्हावा, सोबतचे पोलीस साध्या वेशात असावेत. मुलांशी संबंधित कामात पोलिसांनी गणवेश घालायचा नाही आणि मुलाला बेड्या घालायच्या नाहीत, हे नियमांतच आहे. तरी आदेशात लिहून घ्या, म्हणजे सकाळी दारात वाद होत नाही. केंद्रप्रमुखांना 'संस्थेतला विद्यार्थी' यापलीकडे काही सांगायची गरज नाही.

अठरा पूर्ण झाले आणि चौकशी संपली नसेल, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ५ प्रमाणे ती तो मूल असल्यासारखीच पुढे चालते. तो एकदम मोठ्यांच्या कोर्टात जात नाही. त्याला नेमकी हीच भीती असते, स्पष्ट सांगा. राहण्याची जागा मात्र बदलू शकते, तेव्हा वह्या आणि नोंदणी क्रमांक त्याच्याजवळ द्या. अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्यांना कलम ४६ खाली अनुरक्षणाची (संस्थेबाहेर पडल्यावर पायावर उभं राहण्यासाठीची) मदत आहे, २१ वर्षांपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. बँक खातं आधीच उघडलेलं हवं. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने खातं वापरता येतं, तेव्हा त्यासाठी अठराची वाट पाहू नका.

आणखी एक. कलम २४ प्रमाणे दोषी ठरलेल्या मुलाला त्यामुळे पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही (१६ वर्षांवरील, ज्यांचा खटला बाल न्यायालयात प्रौढ म्हणून चालला, त्यांचा अपवाद). निकाली निघालेलं प्रकरण पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करायचं नाही, हेही कलम ७४ मध्येच आहे. बऱ्याच मुलांना 'आता सरकारी नोकरी गेली' असं कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं आणि त्यामुळेच ती शिकायचं सोडतात. पहिल्याच आठवड्यात ही भीती काढा.

---

गोदाकाठ

सुटल्यानंतरचं. तुमची परवानगी निरीक्षणगृहापुरती असेल, तर बाहेरच्या संपर्कासाठी पालकांची लेखी संमती आणि परिविक्षा अधिकाऱ्याची माहिती हे मुलगा आत असतानाच करून घ्या. नंबर तीन घ्या: आईचा, एका नातेवाइकाचा (मामा किंवा आत्या असली तर उत्तम, मुलगा चिडून घरातून निघाला की तिथे जातो), आणि घराजवळच्या दुकानाचा. मुलाचा स्वतःचा नंबर पंधरा दिवसांत बदलतो.

फोन दुसऱ्या दिवशी करा. पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष भेट, मग दोन महिने दर आठवड्याला, त्यानंतर महिन्यातून एकदा. जुनी मित्रमंडळी पहिल्या दोन-तीन दिवसांतच दारात येतात, तुमचा फोन त्यांच्यानंतर गेला तर उशीर झालेला असतो. वस्तीत संस्थेचं नाव लिहिलेल्या गाडीतून जाऊ नका, शक्यतो घरीही नको. वाचनालय, अभ्यासिका, बागेतला बाक बरा. प्रत्येक भेटीत हातात काहीतरी काम हवं: गृहपाठाचे दोन प्रश्न, भरायचा एक फॉर्म. नुसतं 'कसं चाललंय' विचारलं की 'बरं' एवढंच उत्तर येतं.

काम शोधून देताना वय पाहा. १४ ते १८ मधल्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. बाकीच्या कामातही विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याची सुट्टी हवीच. हॉटेलातली रात्रीची नोकरी म्हणूनच बाद. हुंगण्याची सवय असलेल्या मुलाला गॅरेजच्या रंगकामात, चप्पल-बूट चिकटवण्याच्या कामात किंवा पंक्चरच्या दुकानात मुळीच घालू नका. थिनर आणि सोल्युशन दिवसभर नाकाशी. चांगला मालक आणि चांगला पगार असूनही मुलगा महिन्याभरात पुन्हा व्यसनात जातो तो यामुळे. मालकाला पूर्वेतिहास सांगायचा नाही. 'शिकतोय, परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी लागेल' एवढंच सांगा. व्यसनासाठी १४४४६ आणि मुलांसाठी १०९८ हे दोन्ही फुकट नंबर त्याला पाठ करायला लावा, कागद हरवतो.

शिकताना खंड पडणारच. सलग तीन वेळा आला नाही तर त्याच आठवड्यात आईला फोन करा, पण यादीतून नाव काढू नका. परत आला की 'इतके दिवस कुठे होतास' असं विचारू नका. वही काढा आणि जिथे थांबला होता तिथून सुरू करा. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर 'पुढे काय' ही एक ओळ दर तासाला लिहून ठेवायची सवय लावा. तुमच्या जागी दुसरे शिक्षक आले तरी त्यांना तिथून पुढे जाता येतं.

---

पाटीपेन्सिल

ती ओळ आणि मोजणीची वही सोमवारपासूनच सुरू करतो. कलम ४, ५, १४ च्या अर्जाचा मसुदा कुणाकडे तयार असेल तर, मुलाचं नाव-गाव काढून, इथेच टाकाल का?

---

परिविक्षा

टाकतो. तोवर मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जात चारच गोष्टी असू द्या: मुलाचं नाव, त्याच्या वयाला योग्य इयत्ता, 'दाखला मागवला आहे, मिळताच सादर करू' हे वाक्य, आणि विशेष प्रशिक्षणाची मागणी. मूल आतापर्यंत कुठे होतं याचा उल्लेख नको. पालकांच्या सहीने द्या, संस्थेच्या लेटरहेडवर नको.